बावीस आटे

तळ्यानं तळ दाखवला तेव्हापासून नळांना पाणी सोडणारा चावीवाला रोज सकाळी पाण्याआधी शिव्या झेलायचा. तिसऱ्या वर्षीही पावसानं दगा दिला होता. पडायचा तो सगळा एका आठवड्यात कोसळला आणि माती घेऊन वाहून गेला. मग ऑफिसातल्या साहेबांनी उंटावरून शेळ्या हाकत ठरवलं : खालच्या आळीला वीस मिनिटं पाणी, मग तिचा व्हॉल्व्ह बंद, म्हणजे उरलेलं पाणी जोर धरून वरच्या आळीला चढेल. साहेब कागदावर सही करून मोकळे झाले. शिव्या खायला चावीवाला होताच.

तो राहायचा खालच्या आळीत. थोरली बहीण वरच्या आळीत, नव्वद पायऱ्या चढून, आणि अंथरुणाला खिळलेली आई तिच्याकडे. तीन आठवडे वरच्या आळीत पाण्याचा थेंब नव्हता. बहीण दोनदा येऊन सांगून गेली. पहिल्यांदा तो म्हणाला, "अगं, तळ्यातच नाही तर नळात कुठून येणार?" दुसऱ्यांदा चार लोकांसमोर खेकसला, "मी रोज घट्ट बंद करतो. माझं काम तू मला शिकवू नकोस!"

शिकवायचा हक्क तिला होता. तिचा नवरा हयात असताना ही चावी त्याच्या हातात होती, आणि मेहुण्याला हे काम त्यानंच लावून दिलं होतं. "आटे मोजत जा," तो बजावायचा, "या व्हॉल्व्हचे बावीस. हाताच्या भरवशावर राहू नकोस." चावीवाला तोंडावर हो म्हणायचा आणि पाठीमागे हसायचा. मोजायला काय शाळेत बसलोय? चावी घट्ट झाली की व्हॉल्व्ह बंद, हे हाताला कळतं. तीस वर्षं हातानं त्याला कधी तोंडघशी पाडलं नव्हतं, आणि त्याचा त्याला फार माज होता.

त्या सकाळी वीस मिनिटं संपली तसं त्यानं चेंबरचं झाकण सरकवलं, माणसाएवढी लांब चावी आत सोडली, आणि मान वर करतो तर समोर बहीण. दुखऱ्या गुडघ्यानं नव्वद पायऱ्या उतरून आली होती.

"फिरव," ती म्हणाली. "मी मोजते."

"ताई, तमाशा करू नकोस."

"फिरव म्हणते ना!"

त्यानं दातओठ खात चावी फिरवली. ती मोठ्यानं मोजत राहिली. आळीतले लोक दारात आले. सतराव्या आट्याला चावी घट्ट झाली, रोज व्हायची तशीच.

"सतरा," बहीण म्हणाली. "पाच कुठे गेले?"

"झाला की बंद," इस्त्रीवाला ओट्यावरून घाईनं म्हणाला. "जा ताई तुम्ही आता."

ती घाई चावीवाल्याच्या कानाला खटकली. त्यानं चावीवर सगळं अंग टाकलं. जागची हलेना. मग त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तळं आटल्यापासून पाणी तळाचं येत होतं, वाळू घेऊन. ती वाळू व्हॉल्व्हच्या झडपेखाली साचली होती आणि झडप तिच्यावर टेकून अडत होती. तीन आठवडे तो अर्धवट उघडा व्हॉल्व्ह बंद समजून घरी जात होता, आणि वरच्या आळीचं पाणी खालीच जिरत होतं.

त्यानं व्हॉल्व्ह पुरता उघडला, झटक्यानं आवळला, पुन्हा उघडला. झोताबरोबर वाळू सुटू लागली. सहाव्या खेपेला बहिणीनं मोजलं : वीस, एकवीस, बावीस. खालच्या आळीचे नळ घरघरले आणि मेले.

आणि आळी उसळली. तीन आठवडे आळीमिळी गुपचिळी करून बसलेल्या तोंडांना एकदम वाचा फुटली.

"आपल्याच लोकांचा गळा दाबतोस होय रे!"

"बहिणीनं कान भरले, दुसरं काय!"

इस्त्रीवाल्यानं अर्धी भरलेली बादली त्याच्या पायाशी आदळली. "वीस मिनिटांत काय पिऊ आणि काय शिंपडू? राहायचंय ना तुला इथंच? बघतोच."

बहिणीनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"वाळू होती, हे मला पटतंय," ती भावाला म्हणाली. "पण मी दोनदा सांगितलं, तेव्हा एकदा मोजलं असतंस तर तुझं काय गेलं असतं? आईला तीन आठवडे ओल्या फडक्यानं पुसतेय मी. पाठ सोलून निघालीय तिची." जाता जाता ती वळली. "आणि तुझ्या घरचा नळ बंद व्हायचा का रे?"

तो घरी आला तेव्हा मोरीत दोन पिंपं काठोकाठ भरलेली होती. चार बादल्या, झाकण ठेवलेली पातेली. सगळं रोजचंच. रोज तो यातल्याच दोन बादल्या अंगावर ओतून घ्यायचा.

"वीस मिनिटांत एवढं भरतं?" त्यानं विचारलं.

बायको भांडी घासत होती. "अहो, नळ चालूच राहायचा. सगळ्यांचाच. मी एकटीनं बोंब मारायची? आणि मला वाटलं, तुम्हीच सोडताय. आपल्यासाठी."

त्याला तिच्यावर ओरडायचं होतं, पण कुठल्या तोंडानं ओरडणार? त्यानंही कधी विचारलं नव्हतं. त्यानं दोन बादल्या उचलल्या आणि बाहेर पडला. आळीतून जाताना कोणीतरी मागून थुंकलं.

नव्वद पायऱ्या चढेपर्यंत एक बादली निम्मी सांडली होती. बहिणीचं दार उघडंच होतं. आत नळाची धार घागरीत पडत होती. ती उंबऱ्यात आली, बादल्यांकडे पाहिलं.

"आलंय नळाला," ती म्हणाली. "तुझं तुला ठेव."

"ताई, आईला बघून जातो."

"अंघोळ घालायचीय तिला. उद्या सकाळी मी खाली येईन. मोजायला. रोज येईन."

आतून आईचा बारीक आवाज आला, "कोण आलंय गं?"

बहिणीनं दार लोटत आत सांगितलं, "कोणी नाही. चावीवाला."