वेणू घरी आली

चिनी मुळांच्या काढ्याच्या अकराव्या दिवशी आक्कांना कधीच न झालेली एक मुलगी आठवली, आणि बाराव्या दिवशी सकाळी ती घरी आली.

आक्कांनी मिरजेच्या शाळेत तीस वर्षं पहिलीचा वर्ग शिकवला होता. आता त्यांना स्वतःचं नावही सांगता येत नव्हतं. त्यांची एकुलती एक मुलगी शरयू पुण्यातल्या एका चिनी वैद्यांकडून गवताच्या काड्यांसारखी पोकळ मुळं घेऊन आली. "विसरलेलं परत येतं," वैद्य म्हणाले होते. "शिकलेलंसुद्धा."

आलं खरं. चौथ्या दिवशी आक्कांनी पावकीचा पाढा म्हणून दाखवला. आठव्या दिवशी म्हणाल्या, "शरे, केस किती पिकले गं तुझे." शरयू स्वयंपाकघरात जाऊन रडली. दीड वर्षानं आईनं तिला नावानं हाक मारली होती.

मग अकराव्या दिवशी त्यांनी विचारलं, "वेणू कुठाय?"

"कोण वेणू?"

"असं काय करतेस? तुझी थोरली बहीण."

दुसऱ्या दिवशी सकाळी वेणू दार न वाजवताच आत आली. पन्नाशीची, आक्कांसारखंच रुंद कपाळ. साखरेचा डबा कुठे असतो ते तिला ठाऊक होतं. अल्बममध्येही ती होती: सहलीत, बक्षीस घेताना, आक्कांच्या मांडीवर. शरयूनं शेवटच्या पानापर्यंत पाहिलं. ती स्वतः कुठेच नव्हती.

"काढा आजपासून बंद," शरयू म्हणाली.

"बंद करून आक्काला परत तसंच बसवायचं? भिंतीकडे बघत?" वेणूनं शांतपणे विचारलं.

शरयूनं अल्बम मिटला. "मग मलाही दे," ती म्हणाली. "तू मला का आठवत नाहीस ते बघू दे."

वेणूनं वाटी भरून दिली. काढ्याला ओल्या मातीची चव होती. वाटी संपायच्या आतच शरयूला स्वच्छ आठवलं. ती कापडी पिशवी घेऊन याच दाराबाहेर उभी होती आणि विचारत होती, "आजींना सांभाळायला बाई पाहिजे होती ना?" दार उघडलं होतं वेणूनं.

आक्का तिच्याकडे पाहून हसल्या. पाहुण्यांकडे पाहून हसतात तसं.

"उद्या किती वाजता येणार तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"आठला," शरयू म्हणाली.

उंबऱ्यापाशी वेणूनं चपला बाहेर तोंड करून ठेवल्या होत्या. त्या शरयूच्या नव्हत्या. पायात मात्र नीट बसल्या.