पंधरा किलो

इंदूरमधल्या पोलोग्राउंडच्या त्या कारखान्यात ज्ञानदीप गजभियेच्या कामापेक्षा त्याच्या पोटाची ख्याती जास्त होती. पॅकिंग मशीनचे सुटे भाग गावोगाव रवाना करायच्या खात्याचा तो इन्चार्ज. अठरा वर्षांत त्याच्या हातून एकही खोकं चुकीच्या पत्त्यावर गेलं नव्हतं, पण त्याबद्दल कधी कुणी ब्र काढला नाही. "गजभियेजींचं पोट आधी येतं, मग गजभियेजी येतात," हे मात्र जो तो असं म्हणायचा, जणू आत्ताच त्याला सुचलंय.

हातपाय तसे बेताचेच होते. जी काय चरबी होती ती सगळी कमरेभोवती वस्तीला येऊन राहिली होती आणि अकरा वर्षं हलायचं नाव घेत नव्हती. त्याने काय कमी केलं होतं? सकाळी लिंबू-मध झालं, जिऱ्याचं पाणी झालं. टीव्हीवर बघून मागवलेला थरथरणारा पट्टा झाला. तो लावला की कपाटावरचे डबे वाजायचे, पोट जागच्या जागी. एकदा एकवीस दिवस नुसत्या काकडी-पपईवर काढले आणि बाविसाव्या दिवशी ऑफिसला जाताना हातगाडीपाशी उभ्याउभ्या चार कचोऱ्या खाल्ल्या. त्या दिवशी त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की घरी बायकोला, सुनीतालाही सांगितलं नाही.

पण ऑफिसातली थट्टा परवडली, महूचा रविवार नको, असं त्याला व्हायचं. दर रविवारी तो इंदूरच्या अन्नपूर्णा भागातल्या आपल्या घरून मोटारसायकलवर महूला वडिलांकडे जायचा. आनंदराव फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, त्यांचे वडीलही फौजेतच. पंचाहत्तरी आली तरी म्हाताऱ्याचं पोट पाठीला लागलेलं. "जय भीम बाबा" म्हणून ज्ञानदीप वाकला की ते आशीर्वाद द्यायचे आणि मग हातातल्या काठीचं टोक हळूच त्याच्या पोटाला लावायचे. "हे कधी रिटायर होणार?" एवढंच विचारायचे.

त्या काठीच्या टोकामागे काय आहे ते दोघांनाही ठाऊक होतं. एकोणिसाव्या वर्षी ज्ञानदीप भरतीला उभा राहिला होता. धावताना तिसऱ्या फेरीत त्याच्या बरगडीखाली कळ आली आणि तो पोट धरून मैदानात खाली बसला. तारेच्या कुंपणाबाहेर आनंदराव उभे होते. दोघं एकाच सायकलवरून घरी आले. वाटेत बाप एक शब्द बोलला नाही, आणि पुढे पंचवीस वर्षांत त्या दिवसाचा विषयही कधी निघाला नाही.

मागच्या दिवाळीनंतर ज्ञानदीपने पुन्हा एकदा मनावर घेतलं. सकाळी साडेपाचला उठून सहा किलोमीटर चालायचं, रात्री पोळी-भात बंद, शेव तर घरातच आणायची नाही. डिसेंबरभर काही झालं नाही. जानेवारीच्या मध्यावर एका सकाळी पॅन्ट घालताना हुक आपणहून लागला. त्याने काढून परत लावून पाहिला. मग काटा भराभर उतरू लागला. शहाऐंशीचे ब्याऐंशी झाले, ब्याऐंशीचे अठ्ठ्याहत्तर. मार्चअखेर एकाहत्तर. पंधरा किलो! ज्याच्यापुढे अकरा वर्षं हात टेकले होते ते पोट असं गेलं, जसं कधी नव्हतंच.

ऑफिसात त्याचं नशीबच पालटलं. "काय भिया, पेट कहां रख आए?" म्हणून लोक टेबलाशी यायला लागले. कधी मान वर करून न बघणारे साहेब लिफ्टमध्ये म्हणाले, "गजभिये, सिक्रेट क्या है?" माणसं कागद-पेन घेऊन विचारायची, रात्री काय खाता, किती वाजता खाता. ज्ञानदीप सांगायचा. सांगता सांगता त्याचा आवाजही बदलला. "मन पक्कं पाहिजे," तो म्हणायचा. "बाकी सब बहाने आहेत."

घरी मात्र सुनीता गप्प गप्प असायची. फेब्रुवारीत एका सकाळी ती बाथरूमच्या दारात उभी राहून त्याला म्हणाली, "इकडे या जरा."

फरशीच्या कडेने मुंग्यांची रांग लागली होती. बारीक, काळ्या. मोरीच्या जाळीपाशी त्यांचा गोळा झाला होता.

"गरमी सुरू झाली की निघतातच," ज्ञानदीप म्हणाला.

"फेब्रुवारीत कुठली गरमी? आणि किचनमध्ये एक मुंगी नाही, जिथे साखरेचा डबा आहे." ती त्याच्याकडे बघत राहिली. "आईंच्या वेळी पण असंच झालं होतं. तुम्ही रात्रीतून चार-चार वेळा उठता. उशाशी बाटली घेऊन झोपता. एकदा चेक करून घ्यायला काय प्रॉब्लेम आहे?"

कौसल्या, ज्ञानदीपची आई, साखरेनेच गेली होती. आधी पायाचं बोट गेलं, मग नजर, मग किडन्या. त्या मुंग्या ज्ञानदीपला ओळखू आल्या नव्हत्या असं नाही. सुनीताच्या आधी आठवडाभर त्याने त्या पाहिल्या होत्या आणि रोज चालून आल्यावर बादलीभर पाणी ओतून वाहवून लावत होता. पण तिच्या तोंडून ते ऐकलं आणि त्याच्या मस्तकात तिडीक गेली.

"चालतो म्हणून तहान लागते. पाणी पितो म्हणून उठावं लागतं. एवढं साधं कळत नाही? सगळी दुनिया तारीफ करतेय आणि माझ्या घरात मात्र हे! तुला बघवत नाही का माझं चांगलं झालेलं?"

 सुनीताने खराटा घेतला आणि फरशी धुवायला लागली. त्या दिवसापासून तिने तो विषय काढला नाही. डबा द्यायची, कपडे काढून ठेवायची, पण बोलणं कामापुरतं. कॉलेजात जाणारी मुलगी संबोधी दोघांच्या तोंडाकडे बघून आपल्या खोलीत जाऊन बसायची.

सात एप्रिलला कारखान्यात आरोग्य दिवस होता. एचआरच्या ऋषभने ज्ञानदीपचे आधीचा आणि आत्ताचा असे दोन फोटो शेजारी शेजारी मोठे करून नोटीस बोर्डावर लावले आणि त्याला दहा मिनिटं बोलायला सांगितलं. ज्ञानदीप उभा राहिला. समोर दीडशे माणसं. बोलायला लागला आणि त्याच्या लक्षात आलं की मागच्या रांगेतले चेहरे त्याला दिसतच नाहीयेत, नुसते डाग दिसताहेत. जीभ टाळूला चिकटत होती. दोन बाटल्या पाणी पिऊन त्याने भाषण पुरं केलं. टाळ्या पडल्या.

हॉलच्या कोपऱ्यात बोटातून थेंब काढून साखर तपासणारी नर्स बसली होती. ऋषभ म्हणाला, "सर, पहले आप. फोटो काढतो, सगळ्यांना मोटिव्हेशन मिळेल."

"मी आत्ताच नाश्ता केलाय यार," ज्ञानदीप म्हणाला. "रीडिंग चुकीचं येईल. बाद में." आणि तो एक ट्रक यायचाय म्हणून गोदामाकडे गेला. गोदामात ट्रक नव्हता. खोक्यांच्या थप्पीला टेकून तो बराच वेळ उभा राहिला. डाव्या पायाच्या तळव्याला मुंग्या आल्या होत्या. जमिनीवर पाय आपटला तरी त्या जात नव्हत्या.

खरं काय ते त्याला त्या गोदामात कळलं होतं, पण कळलेलं मान्य करायचं म्हणजे ते पंधरा किलो परत द्यायचे. आयुष्यात एकच गोष्ट त्याने स्वतःच्या जिवावर जिंकली होती. बाप अजून तिच्याबद्दल एक शब्द बोलला नव्हता. मार्चमध्ये दमणुकीचं आणि कामाचं कारण सांगून तो चार रविवार महूला गेलाच नव्हता. आता जायचं, त्यांना दाखवायचं, मग बघू, असं त्याने मनाशी ठरवलं.

त्या रविवारी गल्लीत आनंदराव खुर्ची टाकून बसले होते. चौदा एप्रिलची तयारी म्हणून घरोघर निळ्या पताका लागत होत्या. मोटारसायकल थांबली तसे ते उठले. ज्ञानदीप वाकला. काठी उचलली गेली आणि पोटापाशी येऊन थांबली. टेकायला काही नव्हतंच.

"अरे वा," म्हातारा म्हणाला. मग शेजारच्या ओट्यावर बसलेल्या शशिकलाबाईंना हाक मारून म्हणाला, "वहिनी, बघा. आमचा ज्ञानू. आता उभा राहिला तर फौजवाले घेतील."

 चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या, पण ज्ञानदीपला वाटलं आता आपण रडू. ते दिसू नये म्हणून तो घाईने आत गेला आणि माठातून पाणी घेतलं. एक पेला. दुसरा. तिसरा. मग माठात पेला बुडवतानाच त्याला जाणवलं की आनंदराव दारात उभे आहेत.

"किती दिवसांपासून?" त्यांनी विचारलं.

"दिवाळीपासून, बाबा. रोज सहा किलोमीटर. एक दिवस खाडा नाही."

"चालण्याचं नाही विचारत. पाण्याचं विचारतोय."

ज्ञानदीपने पेला खाली ठेवला. आनंदराव जवळ आले. त्यांनी त्याचं मनगट हातात घेतलं, मग शर्टाची बाही वर सारून दंड चाचपला. तिथली कातडी सैल लोंबत होती.

"चल दवाखान्यात."

"बाबा, काही नाही झालेलं. मी कमी केलंय हे. मी! रोज पहाटे उठून. तुम्हाला एकदा तरी चांगलं म्हणवत नाही का?"

"आत्ता म्हणालो ना बाहेर." म्हाताऱ्याचा आवाज कापला. ते पलंगाच्या कडेला बसले.  "तुझी आई सुकायला लागली तेव्हा पण मी असंच म्हणायचो. कौसल्या, बारीक झालीस, छान दिसतेस. वर्षभर म्हणत होतो. ती हसायची. नवीन पोलकी शिवली तिने. डॉक्टरने सांगितलं तोवर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "मला हे दुसऱ्यांदा नको करायला लावू, ज्ञानू."

आईच्या नव्या पोलक्यांची गोष्ट ज्ञानदीपला माहीत नव्हती.  मग खुंटीवरची बापाची टोपी काढून त्याने त्यांच्या हातात दिली.

रविवार असूनही बाजारातला एक दवाखाना उघडा होता. बोटातला थेंब यंत्रावर ठेवला आणि आकडा आला, चारशे अडतीस. लघवी तपासल्यावर डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "घरी नाही जायचं. इंदूरला जाऊन ॲडमिट व्हायचं, आत्ताच. गाडी स्वतः चालवायची नाही."

आनंदरावांनीच सुनीताला फोन केला. ती रिक्षा करून सरळ हॉस्पिटलमध्ये आली. येताना तिने सगळं आणलं होतं, टॉवेल, चप्पल, आधार कार्ड, आईंच्या वेळची जुनी फाईलसुद्धा.  नर्सने सलाईन लावलं तेव्हा ज्ञानदीपने तिचा हात धरायला हात पुढे केला. तिने तो धरला, पण चेहरा खिडकीकडे ठेवून.

तिसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर आले. तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट दाखवत म्हणाले, "खाल्लेली साखर अंगाला लागतच नव्हती, लघवीवाटे जात होती. मग शरीर आपलंच मांस नि चरबी जाळायला लागलं. अजून आठवडा गेला असता तर बेशुद्ध अवस्थेत आणलं असतं तुम्हाला. आता इन्सुलिन सुरू करतोय. तब्येत सुधारेल तसं वजनही थोडं परत येईल, घाबरू नका."

ज्ञानदीपने विचारलं, "सर, पण मी रोज चालत होतो. त्यातलं थोडं तरी चालण्याने गेलं असेल ना?"

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. "असेल की. दोन-तीन किलो. आणि चालणं सोडायचं नाही."

दोन-तीन किलो. डॉक्टर गेल्यावर तो ते मनात घोळवत राहिला. उरलेले बारा आजाराचे होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या आजारासाठी.

"सुनीता," तो म्हणाला. "मी मुंग्या आधीच पाहिल्या होत्या. तू दाखवल्यास त्याच्या आधी."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "बादली रोज ओली असायची." मग थोड्या वेळाने, "मी जळते म्हणालात तुम्ही. ते मला सारखं आठवतं. कधी विसरेन, मला नाही माहीत."

 त्याने नुसती मान हलवली.

दुपारी नर्स इन्सुलिनचं पेन घेऊन आली. घरी रोज स्वतःच टोचायचंय, म्हणून आत्ताच शिकून घ्या म्हणाली. "बेंबीपासून चार बोटं सोडून. तिथे चरबी असते ना, ती चिमटीत धरायची, आणि सरळ आत. मांसात नाही जायला पाहिजे, चरबीतच."

ज्ञानदीपने सदरा वर केला. सुनीता खुर्ची सरकवून जवळ आली आणि लक्ष देऊन बघू लागली. चिमटीत आधी नुसती सैल कातडी आली. नर्स म्हणाली, "और नीचे, भैया." त्याने बोटं खाली सरकवली, शोधली, आणि बेंबीच्या उजव्या अंगाला त्याला एक जाडसर वळी सापडली. ती त्याने घट्ट धरली, श्वास रोखला आणि सुई आत घातली. वाटलं होतं तितकं दुखलं नाही.

"दहापर्यंत मोजायचं, मग काढायची," नर्स म्हणाली.

तो मोजायला लागला. चारपाशी त्याच्या लक्षात आलं की सुनीताही हळू आवाजात त्याच्याबरोबर मोजते आहे.