बोर्काची छत्री

“ती माझी छत्री आहे! चोरटी!”

झालान नावाच्या पोराने असा गळा काढला की बालवाडीच्या दारात पोरांचे बूट काढणाऱ्या सगळ्या आया वळून बघायला लागल्या. तीन वर्षांची बोर्का छत्रीचं चित्र चिकटवलेल्या कप्प्यापुढे उभी होती, आणि तिने पोटाशी धरलेल्या पिशवीवरही लाल दोऱ्याने छत्रीच भरलेली होती. कुणी नाव विचारलं तरी बापाच्या पायांमागे दडणारी पोर ती. आता तिचे कानसुद्धा लाल झाले.

तिचा बाप वेंडेल गावच्या गरम पाण्याच्या स्नानगृहात पंप-मिस्त्री होता. तो पुढे सरसावला. “अहो बाई, छत्री आमची. हिच्या आईची छत्रीच होती, याच शाळेत.”

बालवाडीच्या एमोकेबाईंनी त्याला बाजूला घेतलं. “पोरांच्या खुणेची चित्रं जूनच्या पालकसभेत वाटली हो. तुम्ही आला नव्हता.”

“त्या दिवशी हिच्या आईला, इल्दिकोला माती दिली आम्ही.”

“ठाऊक आहे मला,” बाई हळूच म्हणाल्या. “गोगलगाय उरली होती, ती हिला ठेवली.”

वाचता न येणाऱ्या पोरांची ओळख ती खुणेवरच. कप्प्यावर, टॉवेलवर, दुपारच्या झोपेच्या चादरीवर, सगळीकडे तीच. गावातले पन्नाशीचे बाप्येसुद्धा गुत्त्यात एकमेकांना डिवचतात, “काय रे, तू बदक होतास ना?” इल्दिकोने दवाखान्याच्या खाटेवर बसून लेकीच्या एकेका कापडावर आपली छत्री भरली. आईची खूण लेकीला मिळणारच, असं धरून चालली बिचारी. आणि मरणाऱ्या बाईला कोण विचारणार, शाळेला विचारलंस का म्हणून?

“राहू दे,” बाई शेवटी म्हणाल्या. “दोन छत्र्या झाल्या म्हणून काही आभाळ कोसळत नाही.”

वेंडेलचा जीव भांड्यात पडला. पण तो दिवस बोर्काने कोट न काढता बाकावर बसून काढला. ती जेवली नाही, झोपली नाही, पिशवी सोडली नाही.

संध्याकाळी स्वयंपाकघरात ती म्हणाली, “बाबा, उसव.”

“काय गं?”

“छत्री. सगळे बघतात.”

“अगं, आईने केलीय ती!”

“माहितीय.” ती टेबलाखाली बघत होती. “गोगलगाय लाव.”

“खड्ड्यात गेली ती गोगलगाय!” वेंडेल ओरडला आणि उठून नळापाशी गेला. काही कारण नसताना त्याने हात धुतले. वळून बघतो तर पोरीने आईच्या शिवणाच्या डब्यातली छोटी कात्री आणून टेबलावर ठेवली होती. आपल्याच लेकीचा राग आला त्याला, आणि लगेच त्या रागाची लाज वाटली.

त्याने उसवलं. आधी पिशवी, मग टॉवेल, सगळ्यात शेवटी चादर. चादरीवरच्या छत्रीला दांडा अर्धाच होता. तेवढा भरायचा राहून गेला होता. एकही दोरा त्याने फेकला नाही, चहाच्या रिकाम्या डब्यात ठेवले. मग पंपाचे नट पिळणारे पाने धरायच्या बोटांनी सुई धरली. झाली ती गोगलगाय कसली, शिंगं फुटलेला बटाटाच. बोर्काने बघितलं आणि मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी तिने गोगलगायीच्या कप्प्यात पिशवी टांगली. कुणी बघितलंही नाही. तिने बापाचं बोट सोडलं आणि आत गेली. हेच तर हवं होतं, तरी वेंडेल दारातून हलेना. त्या दिवशी त्याने पंपाची वायसर दोनदा उलटी बसवली.

दुपारी तिला सायकलवर पुढे बसवून तो निघाला. नाक्यापाशी ती म्हणाली, “बाबा, छत्री गेली नाही.”

“उसवली ना गं मी.”

“चादरीत आहे. भोकं आहेत बारीक बारीक. डोळे मिटले की बोटाला लागते.” आणि मग अगदी हळू आवाजात, “कुणाला दिसत नाही.”

“बरं झालं हो, राणी,” वेंडेल म्हणाला आणि पायडल मारत राहिला.

तो गुरुवार होता. शुक्रवारी सगळ्या पोरांच्या चादरी धुवायला घरी येतात. धुतलं की कापडातली सुईची भोकं बुजतात, हे काही त्याने तिला सांगितलं नाही.