मी खाल्लेलं खाचर

मी एक जुनी मोटार आहे, मित्रांनो. १९५५ सालची फियाट. माझं नाक गोल आणि फुगीर, म्हणून लोक मला पहिल्यापासून डुक्कर फियाट म्हणत आले. पूर्वी या नावाचा मला राग यायचा. आता येत नाही. रानडुक्कर भाताच्या खाचरात शिरलं की काय करतं, ते शेतकऱ्याच्या मुलांना सांगायला नको. मी तेच केलं आहे, फक्त मला त्याच्यापेक्षा जास्त वर्षं लागली. नदीकाठचं एक चांगलं खाचर मी निम्मं खाऊन बसले आहे आणि उरलेलं निम्मं तरी वाचावं म्हणून तुम्हाला हे सांगते आहे.

माझे सुटे भाग बोटीतून आले आणि कुर्ल्याच्या कारखान्यात ते जोडले गेले. शहापुरातल्या एका डॉक्टरांनी मला नवीकोरी विकत घेतली. तेव्हा या भागातले रस्ते म्हणजे नुसते दगडगोटे. तापाने फणफणलेली मुलं, अडलेल्या बाया, साप चावलेली माणसं मी पोटात घालून दवाखान्यात आणली. दोन बाळं तर माझ्या मागच्या सीटवरच जन्मली. ते माझे खरे दिवस होते. त्या दिवसांत मी लोकांच्या उपयोगी पडत होते आणि कोणाचं काही घेत नव्हते.

एकदा सापगावजवळच्या ओढ्यात मी रुतले. गावातल्या पोरांनी ढकलून मला बाहेर काढलं. डॉक्टर खूश झाले आणि त्यांनी एका नऊ वर्षांच्या पोराला माझा भोंगा वाजवू दिला. त्याने तो एकदाच वाजवला आणि चटका बसावा तसा हात मागे घेतला. तो कुंडलिक. पुढे काय होणार आहे हे तेव्हा कळलं असतं, तर मी त्या ओढ्यातून बाहेरच आले नसते.

डॉक्टर गेले. मुरबाडच्या एका भातगिरणीवाल्याने मला घेतलं, चार वर्षं माझ्यातून पोती वाहिली आणि मग गिरणीच्या मागे सोडून दिलं. तिथे मी पंधरा-सोळा वर्षं उभी होते. टायर बसले, काचा गेल्या, कोंबड्या माझ्यात अंडी घालू लागल्या. त्या वेळी मला वाटायचं, याहून वाईट काय असेल? मी किती भोळी होते!

१९९५ च्या जानेवारीत कुंडलिक म्हसा गावच्या जत्रेला निघाला. तो आता वाशिंदजवळच्या एका कारखान्यात फिटर होता आणि घरी सापगावला भातशेती होती. त्याच्या जोडीतला एक बैल मेला होता. दुसरा आणायचे पैसे कमरेला बांधून तो मुरबाडपर्यंत आला, गाडी बदलायला उतरला आणि गिरणीच्या मागून त्याला माझं नाक दिसलं. तो म्हशाला पोचलाच नाही.

आमच्याकडे म्हशाहून बैल आणला की घरची बाई अंगणातच त्याच्या पायांवर पाणी घालते आणि त्याला भाकरी भरवते. कुंडलिकची बायको काशी तांब्या आणि भाकरी घेऊन उभीच होती. टेम्पो आला, फळ्या लावून चार माणसांनी मला खाली ढकललं. काशी माझ्याकडे बघत राहिली.

"बैल आनायला गेलतव ना तुमी?" ती म्हणाली.

"ह्यो बैलच हाय," कुंडलिक म्हणाला. "बसलाय जरासा. उठल."

शेजारीपाजारी हसले. काशीही हसली, हे मी कधी विसरणार नाही. दारात आलेल्याला कोरडं कसं ठेवायचं म्हणून तिने माझ्या चारही चाकांवर पाणी घातलं आणि भाकरी टेम्पोवाल्याला दिली. पण भांडी आवरून झाल्यावर ती ओट्यावर येऊन कुंडलिकशी बोलली, तेव्हा हसत नव्हती.

"काय पन करा," ती म्हणाली. "खाचराला हात लावायचा नाय."

ते खाचर भातसा नदीच्या काठाला आहे. काशी लग्न होऊन आली तेव्हा तिथे नुसता खडकाळ उतार होता. तिने आणि तिच्या सासऱ्यांनी तीन उन्हाळे डोक्यावरून माती वाहिली, बांध घातले, आणि तिथे पाणी ठरू लागलं. सासऱ्यांनी मरण्याआधी ते तिच्या नावावर केलं. घराचा वर्षाचा तांदूळ त्यातून येई. कुंडलिकने हो म्हटलं आणि त्याने ते मनापासून म्हटलं होतं. तो खोटा माणूस नाही. खोटा असता तर मला इतका त्रास झाला नसता.

मग माझं काम सुरू झालं. मित्रांनो, कोणी तुम्हाला माझी किंमत सांगितली तर ती ऐकू नका, मी सांगते ती ऐका. माझं इंजिन म्हणजे त्यांचा उरलेला बैल. एकट्या बैलाचं करायचं काय, म्हणून तो पुढच्या वर्षी म्हशाला विकला गेला. माझे पुढचे-मागचे बंपर म्हणजे बांधावरचे साग. माझ्या सीटा म्हणजे दुभती म्हैस. पत्र्याचं काम मुरबाडच्या राघोने केलं. राघो म्हातारा, हातोडीचा पक्का कारागीर. त्याने पहिल्याच दिवशी कुंडलिकला सांगून पाहिलं की हिच्यात लोखंडापेक्षा गंजच जास्त आहे, हिला सोडून दे. कुंडलिकने त्याला चहा पाजला आणि काम सुरू करायला सांगितलं.

बैल गेल्यामुळे चिखलणीला, म्हणजे लावणीआधी खाचरात नांगरून चिखल करायला, दुसऱ्यांचे बैल मागायची पाळी आली. ज्याचे बैल तो आधी आपलं शेत उरकणार, हे उघडच आहे. काशीची लावणी दरवर्षी सगळ्यांच्या शेवटी होऊ लागली आणि भात कमी होऊ लागलं. शाळेत तिच्या मुलीला, भूमिकाला, मुलं डुक्करवाली म्हणत. गोठ्यात बैलांच्या जागी उभी राहून मी हे सगळं ऐकत होते.

त्यात शेखरची भर पडली. शेखर हा ठाण्याचा जुन्या गाड्यांचा हौशी माणूस. मनाने वाईट नव्हता. महिन्या-दोन महिन्यांनी यायचा, माझ्याभोवती फिरायचा, तोंड भरून कौतुक करायचा आणि जाता जाता म्हणायचा, सगळं उत्तम जमलंय, तेवढा आरसा मूळचा नाही. की कुंडलिकची झोप उडायची. आरसा मिळाला की दाराची मूठ मूळची नसायची. मूठ मिळाली की दिव्याची कडी. मी मनात म्हणायचे, अरे, मूळचं म्हणून या घरात आता एक खाचर तेवढं उरलं आहे, ते बघ की!

२००१ च्या एप्रिलमध्ये मी पूर्ण झाले. खाली तपकिरी, वर सायीचा रंग. शहापूरच्या बाजारात कुंडलिक मला घेऊन गेला तेव्हा म्हातारी माणसं उठून जवळ आली. एका बाईने माझ्या दारावरून हात फिरवला आणि सांगितलं की तिचा भाऊ याच गाडीत जन्मला होता. कुंडलिकचे डोळे भरून आले. खोटं कशाला बोलू, मलाही त्या दिवशी बरं वाटलं. येत्या जानेवारीत ठाण्याला जुन्या गाड्यांची मिरवणूक निघणार होती. तिच्यात एकदा मला चालवायचं आणि मग हात जोडायचे, एवढंच त्याला हवं होतं. काशीलाही वाटलं, सुटलो, खाचर वाचलं.

पावसाळा तोंडावर आला. मला झाकायचं कशाने? प्लॅस्टिकखाली पत्र्याला घाम येतो, असं कुंडलिकने ऐकलं होतं. तेव्हा काशीने तोडगा काढला. त्या घरात जपायची प्रत्येक गोष्ट भाताच्या पेंढ्यात ठेवतात. आंबे पेंढ्यात, अंडी पेंढ्यात, काचेच्या बरण्या पेंढ्यात. पेंढ्यात काही खराब होत नाही, हे तिने जन्मभर पाहिलं होतं. तिने गोठ्याची जमीन शेणाने स्वच्छ सारवली, मला आत घेतलं आणि स्वतःच्या हातांनी चाकांपासून टपापर्यंत पेंढा रचला. आयुष्यात कोणी मला इतक्या मायेने झाकलं नव्हतं. पाऊस थांबेपर्यंत उघडायचं नाही असं दोघांनी ठरवलं.

इथला पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. चार महिने सगळी हवाच ओली. पेंढ्याने ती ओल पिऊन घेतली आणि माझ्या अंगाशी धरून ठेवली. खालून शेणाची जमीन. पेंढा आतून तापला, कुजला. उंदरांनी माझ्यात बिऱ्हाडं केली आणि सगळ्या वायरी कुरतडल्या. मला कळत होतं, मित्रांनो. रोज थोडा थोडा पत्रा जात होता. काशी रोज येऊन वरून एक पेंढी नीट करून जायची. मी तिला सांगणार कसं?

नवरात्रात पेंढा काढला. तळाचा पत्रा पेंढ्याबरोबरच निघून आला. रंगाचे पापुद्रे लोंबत होते. कुंडलिकने आत हात घातला आणि तो हात आरपार जमिनीला लागला. काशी तिथेच खाली बसली.

त्यानंतर तो बोलेनासा झाला. कामावरून आला की गोठ्यात माझ्यासमोर बसायचा, जेवायला हाक मारली तरी उठायचा नाही. अंग निम्मं झालं. काशी त्याला ताट तिथे आणून द्यायची आणि ते तसंच परत न्यायची. विकण्यासारखं घरात काही राहिलं नव्हतं. आणि त्याच सुमारास मुंबईचा एक माणूस नदीकाठी बंगल्यासाठी जागा बघत गावात फिरत होता. कुंडलिकने खाचराचं नाव एकदाही काढलं नाही. शब्दाचा पक्का राहिला.

शब्द मोडला तो काशीने. एका संध्याकाळी ती ताट घेऊन आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "अर्धा इका."

"नको," कुंडलिक म्हणाला.

"माज्या हातानं नासला ना? मंग माजाच जाऊ दे."

तो पुन्हा नको म्हणाला नाही. एकदा म्हणाला तेवढंच. मी जिवाच्या आकांताने ओरडायला पाहत होते. काशी, तुझा काही दोष नाही, मी मुळातच गंजलेली होते, राघोला विचार. मला तोडा, विका, ओढ्यात लोटा, पण त्या मातीला हात लावू नका. पण मोटारीला वाचा नसते, आणि भोंग्याची वायर तर उंदरांनी खाल्ली होती.

दोघं शहापूरला बसने गेली. भूमिकाने आईला सही करायला शिकवलं होतं, ती तिने तिथे केली. दिवाळीनंतर खाचराच्या मधोमध भिंत उभी राहिली. आणि त्या मातीचा नवा पत्रा होऊन माझ्या अंगाला लागला. राघोने काम केलं, पण त्या वेळी त्याने कुंडलिककडून चहा घेतला नाही.

२००५ साली मी ठाण्याच्या मिरवणुकीत चालले. आम्हाला चषक मिळाला. वर्तमानपत्रात फोटो आला. कुंडलिक माझ्या नाकावर हात ठेवून उभा आहे. काशी त्या फोटोत नाही, कारण ती आली नव्हती. ती माझ्यात कधीच बसलेली नाही. त्या जुलैत लावणीच्या दिवशी जोराची सर आली, म्हणून कुंडलिक मला घेऊन खाचरावर तिला आणायला गेला. भिंतीच्या अलीकडच्या निम्म्या तुकड्यात ती एकटी लावणी करत होती. काम संपवून ती वर आली. त्याने दार उघडलं. ती दाराला वळसा घालून रस्त्याला लागली. तो पहिल्या गिअरमध्ये तिच्या मागे मागे घरापर्यंत आला. तिने मान वळवली नाही, त्याने भोंगा वाजवला नाही. मी तापून धापा टाकत होते आणि मला त्या वेळी मरावंसं वाटत होतं.

आता २००७ साल आहे. कुंडलिक आनंदी असतो, मला रोज पुसतो. हौस पुरी झाली, आता एक पैसा घालणार नाही, असं सगळ्यांना सांगतो. पण मी त्याला नऊ वर्षांचा असल्यापासून ओळखते. आणि माझ्या डाव्या दाराखाली, रंगाच्या आत, हरभऱ्याएवढा गंजाचा एक फोड आला आहे. तो आतून वाढतो आहे. दसऱ्याला काशी पूजेचं ताट घेऊन माझ्यापुढे आली. कुंडलिक हार आणायला घरात गेला होता. तिला फोड दिसला. तिने त्यावर बोट ठेवलं. मग तिने चिमूटभर कुंकू पाण्यात कालवलं आणि त्या फोडावर चांगला जाडसर, मोठा टिळा लावला. नाकावर लावायचं ते तिने दाराखाली का लावलं, असं कुंडलिकने विचारलं. ती म्हणाली, आमच्या माहेरी तिथेच लावतात. तेव्हापासून ती दर दोन-तीन दिवसांनी येऊन तो टिळा पुन्हा लावते आणि परस्पर खाचरावर निघून जाते.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपाव्यात असं तुम्हाला शाळेत शिकवतील. जपा. पण त्यांना खायला काय घालता, ते घरातल्या माणसांना विचारून घाला. आणि कधी सापगावला आलात आणि मी दिसले, तर माझं कौतुक करू नका, हात जोडून विनवते. दाराखालचा तो लाल डाग तुमच्या नजरेला पडला आणि कुंडलिकने विचारलं, तर कुंकू आहे म्हणून सांगा.