फलाटवाले काकांची दुरुस्ती

साथीच्या सुरुवातीला मी लोकांना सांगितलं की मास्कची गरज नाही. पुढच्या महिन्यात सांगितलं की मास्क नसेल तर दंड होईल. मग भाज्या साबणाच्या पाण्यानं धुवा असं सांगितलं. त्या भाज्या खाऊन अर्ध्या वस्तीची पोटं बिघडली, तेव्हा धुवू नका असंही मीच सांगितलं. मी आरोग्य केंद्राची भोंगा लावलेली गाडी चालवायचो आणि वरून आलेला कागद माईकवर वाचायचो. पण कागद कुणाला दिसत नाही, आवाज तेवढा ऐकू येतो. त्यामुळे हे सगळं माझ्याच डोक्यातून निघतंय अशी लोकांची खात्री झाली होती.

"भोंग्या, आधी नीट ठरव काय ते, आणि मग बोंबल," असं माझी आत्या खिडकीतून ओरडायची. सख्खी आत्या. शेजारच्याच घरात राहायची.

केंद्राच्या डॉक्टरबाईंना मी ही तक्रार सांगितली. त्या म्हणाल्या, "नवीन माहिती आली की मत बदलायचं असतं. त्यालाच विज्ञान म्हणतात."

हे मी कोपऱ्यावरच्या न्हाव्याला ऐकवलं. तो म्हणाला, "आमच्याकडे मेहुणा असं करतो. आम्ही त्याला विज्ञान म्हणत नाही."

मग लस आली. मी घसा सुकेपर्यंत ओरडलो. दिवसभरात केंद्रावर एकच माणूस आला आणि तोही मोबाईल चार्ज करायला. त्या आठवड्यात आमच्या गल्लीतून तीन तिरड्या निघाल्या. म्हणजे लोक घराबाहेर पडत होते, फक्त दुसऱ्या दिशेनं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुझ्या आवाजाचा उपयोग नाही. तुझ्या वडिलांचा चालेल."

माझे वडील बस स्टँडवर घोषणा करायचे. गाव त्यांना फलाटवाले काका म्हणायचं. सगळीकडे वेळापत्रक बघून घोषणा करतात, बाबा खिडकीतून बघून करायचे. गाडी स्टँडच्या गेटातून आत वळलेली डोळ्यांना दिसली की मगच माईक चालू. तोवर साहेब येऊन डोक्यावर उभा राहिला तरी "दिसली की सांगतो" एवढंच. म्हणून त्यांचा आवाज आला की लोक खात्री न करता सामान उचलायचे. आख्ख्या नोकरीत त्यांनी सांगितलेली गाडी आली नाही असं झालं नव्हतं. लग्न जमवायचं असलं तरी लोक त्यांना विचारायला यायचे, का ते त्यांनाही कळायचं नाही.

डॉक्टरबाई स्वतः घरी आल्या. त्यांनी आणलेला कागद बाबांनी वाचला. त्यात लिहिलं होतं, 'मी लस घेतली आहे, तुम्हीही घ्या.'

"मी घेतलेली नाही," बाबा म्हणाले.

"काका, उद्या सकाळी पहिली तुम्हालाच. पण घोषणा आज व्हायला हवी. माणसं मरतायत."

"ते मला दिसतंय. पण लस घेऊन जगलेला माणूस मी बघितलेला नाही."

"जगलेला माणूस दिसतो कसा असं वाटतं तुम्हाला? तुमच्यामाझ्यासारखाच दिसतो. काही झालं नाही, हे दाखवायचं कसं, तेच तर आम्हाला जमत नाही."

बाबांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "लसीची पेटी आलीय का?"

आली नव्हती. आम्ही तिघं केंद्रावर गेलो आणि बाबा खिडकीपाशी उभे राहिले. दुपारी पेट्या घेऊन येणारी गाडी गेटातून आत वळली. बाबांनी ती डोळे भरून पाहिली, घसा साफ केला आणि माझ्या मोबाईलसमोर बोलले, "लक्ष द्या. मी लस घेतली आहे. तुम्हीही घ्या."

मी म्हटलं, "बाबा, अजून घेतली कुठेय?"

"गेटातून आत आली की आली," ते म्हणाले. "गेट आणि फलाट यांच्यामध्ये आजवर एकही गाडी बंद पडलेली नाही."

संध्याकाळभर मी ते भोंग्यावरून गल्लोगल्ली वाजवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रावर रस्त्यापर्यंत रांग होती. काठ्या टेकत आलेले म्हातारे होते, दुकानं बंद करून आलेले दुकानदार होते, आधी माझी घोषणा ऐकून अंगावर थुंकलेला एक इसमही होता. त्यानं मला ओळख दाखवली नाही. डॉक्टरबाई हरखून गेल्या होत्या. त्यांनी बाबांना मागच्या दारानं आत बोलावलं. "या काका, बसा पटकन."

बाबा खुर्चीपर्यंत गेले आणि थांबले. खिडकीला पडदा नव्हता, तिथे आठ-दहा तोंडं आणि तेवढेच मोबाईल होते.

"यांना मी सांगितलंय की मी घेतली," बाबा हळूच म्हणाले. "आता यांच्यासमोर कशी घेऊ?"

"मग आतल्या खोलीत चला."

आतल्या खोलीत इंजेक्शन देणाऱ्या सिस्टरांचं सामान होतं, आणि त्या सामानावर रांगेत चक्कर आलेली एक बाई झोपवली होती. बाबा खाकरले तशी ती डोळे मिटूनच म्हणाली, "कोण, फलाटवाले काका का? तुमच्यामुळे आले हो."

झालं. बाबा बाहेर व्हरांड्यात आले आणि रांगा लावायला लागले. "डावीकडच्या प्रवाशांनी पुढे सरकावं. मधे उभं राहू नये." माणसं त्यांच्या अंगावर ओणवून प्रश्न विचारत होती, खोकत होती, हात हातात घेत होती. दुपारपर्यंत लस संपली. शेवटचा डोस कुणाला मिळाला ठाऊक नाही, बाबांना नाही एवढं नक्की.

"काका, पुढचा साठा कधी?" परत निघालेल्या लोकांनी त्यांनाच विचारलं.

"दिसला की सांगतो," बाबा म्हणाले.

पुढचा साठा आमच्याकडे आलाच नाही. गावाच्या पलीकडच्या टोकाच्या केंद्रावर आला. मी बाबांना तिकडे घेऊन गेलो. गाडीत आमचा बेत ठरला होता की बाबांनी तोंड उघडायचं नाही. मास्क आहे, टोपी आहे, ओळखणार तर फक्त आवाजानंच. मी सिस्टरना सांगितलं, "काकांना बोलता येत नाही."

"जन्मापासून?"

बाबांनी मान हलवली. कुठल्या दिशेनं ते मलाही कळलं नाही. सिस्टरनी दंडाला कापूस लावला, सुई भरायला घेतली, आणि खुर्ची जवळ ओढताना खुर्चीचा पाय बाबांच्या अंगठ्यावर ठेवला.

"आई गं!" बाबा म्हणाले.

त्या दोन शब्दांतसुद्धा फलाट होता. रांगेतले चारपाच जण एकदम वळले. "अरे, फलाटवाले काका! इकडे कसे? तुमची तर झाली ना?"

आता इथे एखाद्या साध्या माणसानं काहीतरी थाप मारली असती आणि सुई टोचून घेतली असती. बाबांना सवय नव्हती. आयुष्यात एकच खोटं झालेलं, ते सांभाळायचं कसं ते त्यांना येत नव्हतं. ते उठले आणि म्हणाले, "झाली. मी व्यवस्था बघायला आलोय."

मग त्यांनी खरोखरच तासभर व्यवस्था बघितली. पंखा रांगेच्या दिशेला फिरवायला लावला, पाण्याचं पिंप सावलीत नेलं, एका जोडप्याचं भांडण सोडवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाहेर आल्यावर ते माझ्या गाडीत बसले आणि त्यांनी दंडाला चिकटलेला कापूस काढून खिडकीतून टाकला.

त्या आठवड्यात त्यांना ताप भरला. मग धाप लागली. मग इस्पितळ.

बातमी वाऱ्यासारखी पसरली. "फलाटवाले काकांनी लस घेतली होती, तरी झालं." न्हाव्यानं हे मला दाढीचा साबण वाटीत फिरवत सांगितलं, मी त्यांचा मुलगा आहे हे त्याला पूर्ण ठाऊक असताना. "लसीनंच झालं म्हणतात," पलीकडचं गिऱ्हाईक म्हणालं. आमच्या केंद्राला पुन्हा साठा मिळाला होता. पहिला डोस घेतलेले दुसऱ्यासाठी येईनात आणि नवीन कुणी फिरकेना. सिस्टर टेबलावर डोकं ठेवून झोपायच्या. डॉक्टरबाईंनी बाबांची घोषणा बंद करायला सांगितली. तोवर मी गल्लीतून जाताना भोंग्यातून बाबा सांगत होते की त्यांनी लस घेतली आहे, आणि लोक दारात उभं राहून, कुत्र्याकडे बघावं तसं गाडीकडे बघत होते.

इस्पितळात मला अंतराळवीरासारखा पोशाख घालून आत सोडलं. बाबांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. सोबत डॉक्टरबाई होत्या. बाबांनी बोटानं बोलण्याची खूण केली, मग माझ्या मोबाईलकडे.

"काय हवंय बाबा?"

"दुरुस्ती," ते म्हणाले.

स्टँडवर क्वचित कधी फलाट बदलला तर ते तेवढ्याच मोठ्यानं सांगायचे, आधीचं चुकलं, आता हे ऐका.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, नको. हे ऐकवलं तर लोक म्हणतील, बघा, हेही खोटं बोलले, सगळेच खोटं बोलतात. मग कुणी कधीच येणार नाही."

"नाही ऐकवलं... तर?"

नाही ऐकवलं तर लस कुचकामी, हे गावानं ठरवून टाकलेलंच होतं.

"बाई, उशिरा सांगितलेलं चालतं," बाबा म्हणाले. मधे त्यांनी कितीतरी श्वास घेतले. "चुकीचं... तसंच सोडून जाता येत नाही. माणसं तिथे उभी राहतात."

मी मोबाईल धरला. त्यांनी मास्क बाजूला केला. "लक्ष द्या. मी लस... घेतली नव्हती. गाडी यायच्या आधी... सांगितलं. चूक माझी आहे. लसीची नाही. तुम्ही... घ्या." मग सिस्टर धावत आली आणि तिनं मास्क परत लावला.

दुसऱ्या दिवशी बाबा गेले. त्यांना पिशवीत बांधून दिलं. चेहरा दाखवला नाही, पिशवीवरची नावाची चिठ्ठी बघून खात्री करा म्हणाले. बघितल्याशिवाय कशावर विश्वास न ठेवणाऱ्या माणसाला आम्ही चिठ्ठीवर विश्वास ठेवून जाळलं.

मग मी दुरुस्ती लावली. गाडी हळू चालवत, एकेका गल्लीतून.

लोकांना राग येईल असं मला वाटलं होतं. दगड पडतील म्हणून काचा वर केल्या होत्या. तसलं काही झालं नाही. लोकांनी शांतपणे ऐकलं आणि माना हलवल्या.

"हा काकांचा आवाज नाही," न्हावी म्हणाला.

"त्यांचाच आहे. मी स्वतः रेकॉर्ड केलाय."

"तीस वर्षं ऐकतोय आम्ही. त्यांचा आवाज असा फाटका होता का? कुणीतरी भाड्याचा माणूस आणलाय. बघ ना, धापा कशा टाकतोय. जरा जास्तच करतोय."

"ते मरत होते!"

"तेच म्हणतोय. मरणारा माणूस इतका मुद्द्याचं बोलतो का?"

दुकानाबाहेरचा एक जण समजुतीच्या सुरात म्हणाला, "तू पहिला लाव ना. त्यावर आमचा विश्वास आहे."

त्या आवाजावर विश्वास होता, त्यानं सांगितलेल्या लसीवर नव्हता. दोन्ही एकाच वेळी कसं, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. पण तो मला चहा पाजायला निघाला, त्यामुळे राहून गेलं.

दुपारी केंद्रावर परत आलो तर बाकावर आत्या बसली होती. पदर कमरेला खोचलेला, दंड उघडा.

"दादाच आहे तो," ती म्हणाली. "लहानपणी दम्याचा झटका आला की असाच बोलायचा. शेवटचा शब्द गिळायचा. मला काय शिकवतायत हे लोक."

"मग घेतेस?"

"बसलेय म्हणजे काय? फोटो काढायला?"

सिस्टर अवघडून म्हणाल्या, "एका कुपीत दहा डोस असतात. फोडली की संध्याकाळपर्यंत संपवावी लागते, नाहीतर उरलेले फेकायचे. एकीसाठी फोडली तर वरून विचारणा होते. उद्या आलात तर?"

"उद्या नाही येणार मी," आत्या म्हणाली. "मला ठाऊक आहे ना मी कशी आहे. आज रात्री जाऊबाईंचा फोन येईल, त्या काहीतरी सांगतील, आणि मला ते पटेल."

डॉक्टरबाईंनी फ्रीज उघडला, कुपी काढली आणि सिस्टरपुढे ठेवली. सिस्टरनी झाकण उडवलं. आत्यानं डोळे गच्च मिटून, भावाला एक शिवी देऊन, टोचून घेतलं. कुपीत नऊ डोस उरले.

डॉक्टरबाई माझ्याबरोबर गाडीपर्यंत आल्या. "जुनी घोषणा गावाबाहेरच्या पाड्यापलीकडच्या वस्तीत पोचलेली नाही. तिकडे काका गेल्याचंही कळलेलं नसेल. जुनी लावलीस तर तासाभरात नऊ माणसं येतील." मग म्हणाल्या, "लाव असं मी म्हणत नाहीये. फक्त सांगतेय."

"नऊ माणसं वाचतील त्यानं," मी म्हटलं.

"हो."

"आणि बाबा परत तेच खोटं बोलतील."

"हो," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.

मी गाडीत बसून दोन्ही फाइली बघितल्या. एक स्वच्छ, खणखणीत. दुसरीत मागे यंत्राची टिकटिक. पलीकडच्या गल्ल्यांतली माणसं माझी कोणी नव्हती, पण त्यांच्याही घरात कुणाची तरी आत्या असणारच. ती नऊ माणसं मी स्टिअरिंगवर बोटांनी मोजली. मग धाप लागलेले बाबा लावले.

पहिल्या गल्लीत एक तरुण जोडपं लस घ्यायला केंद्राकडे निघालं. नवऱ्याला जायचं नव्हतं, बायकोनं ढकलत नेला. दुसऱ्या गल्लीत कुणी नाही. तिसरीत एका म्हाताऱ्यानं पूर्ण ऐकून घेतलं, "फार वाईट झालं" म्हणाला, आणि दार लावून घेतलं. ऊन उतरत चाललं होतं.

पुढच्या वळणावर पहिल्या मजल्यावरच्या खिडकीतून एका बाईनं हात केला. मी भोंगा बंद केला.

"हा आवाज खरंच त्यांचाच आहे?"

"हो. माझे वडील होते ते."

तिनं वरूनच माझ्याकडे निरखून बघितलं. "असं कुणीही म्हणेल," ती म्हणाली.

बरोबर होतं तिचं. मी भोंगा चालू केला आणि गाडी पुढच्या गल्लीत घेतली.