गच्चीवरून आलेली आत्या

महेश्वरी दिवसभर स्लॅबवर काम करायची, पण स्लॅबखाली पाऊल टाकायची नाही. कळंबात कुठंही नव्या घराचा स्लॅब भरायचा असला, की डोक्यावर घमेलं घेऊन ती तुरुतुरु वर चढे. भाकरी मात्र ऊन असो, पाऊस असो, उघड्यावर बसून खाई. त्र्याण्णवच्या भूकंपात लोहाऱ्याकडच्या गावातलं त्यांच्या घरावरचं दगडमातीचं माळवद अंगावर आलं, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आईबाप गेले. ती आणि वर्षाचा उत्तरेश्वर तेवढे ढिगाऱ्यातून जिवंत निघाले.

त्याच उत्तरेश्वरला आता मुलगी झाली होती. गुरुवारी त्याच्या दुमजली घरात बारसं. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं, आणि आत्या एकच.

"आक्का, तू आली न्हाईस तर नाव कुनी सांगायचं? शेजारीन बोलवू का?" तो म्हणाला. ते घर नुसतं आठवलं तरी महेश्वरीच्या तोंडात मातीची चव येई.

मनात बसलेल्या भीतीवर वाट काढायला ती दोन महिने श्रावस्तीताईंकडे जात होती. त्या समुपदेशक. खोलीला स्लॅब होता, म्हणून दोघी आवारातल्या लिंबाखाली बसत. त्यांनी मिळून कागदावर पायऱ्या लिहिल्या होत्या: आधी उंबऱ्याशी उभं राहायचं, मग आत एक पाऊल, मग दोन. मागच्या खेपेला महेश्वरी पहिल्यांदाच आत येऊन खुर्चीवर टेकली, आणि रस्त्यावरचा गोंगाट नको म्हणून ताईंनी दार लोटलं. ती चपला तिथंच टाकून पळाली.

"दार लोटायच्या आधी तुम्हाला विचारायला हवं होतं," आज ताई म्हणाल्या. "चूक माझी."

"शिकलेली मानसं चूक कबूल करत्यात व्हय?" महेश्वरी हसली.

"गुरुवार परवावर आलाय. कसं जायचं, तुम्हीच सांगा."

"खालनं न्हाय जमायचं. बाहेरनं गच्चीवर लोखंडी जिना हाय. म्या वरनं जाते. स्लॅब पायाखाली असला की मला भ्या वाटत न्हाय."

ताईंना हे सुचलंच नव्हतं. त्यांनी जुना कागद उलटा केला. "सांगा, मी लिहिते. मधेच फिरावंसं वाटलं तर?"

"तर फिरायचं. तुमी वढायचं न्हाय."

"नाही ओढणार. मी कुठं उभी राहू?"

"माज्या खालच्या पायरीवर. म्हंजी दिसाल."

गुरुवारी दुपारी बाळाची आईकडची आजी केशरबाई ओरडली, "आत्याबाई गच्चीवरनं उतरनार म्हनं! मारुतीच की!" खाली हशा पिकला.

वर महेश्वरीनं टाचा आपटून पाहिल्या. स्लॅब पक्का होता. आतल्या जिन्याची पहिली पायरी उतरली, दुसरी उतरली. छत कपाळाशी आलं, मग डोक्यावर गेलं. कानात दगड घरंगळायला लागले.

"थांबायचं?" ताईंनी विचारलं.

"जरा."

"फिरायचं?"

"न्हाय."

ती उतरून खोलीत आली, तेव्हा पाळण्याभोवती बायकांची दाटी होती. महेश्वरी बाळाच्या कानाशी वाकली. आता रीत अशी, की आत्या नाव सांगायला वाकली की बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. हसतखेळतच, पण दणकून. महेश्वरीला आणि ताईंनाही हे ठाऊक होतं. छत, भिंती, दार सगळं त्यांनी कागदावर लिहिलं, आणि हे तेवढं राहून गेलं.

पहिला धपाटा बसला आणि खोली नाहीशी झाली. काळोख, माती, पाठीवर कोसळणारे दगड. महेश्वरीनं दोन्ही कोपरं पाळण्याच्या कडांना रोवली आणि बाळावर छप्पर धरल्यासारखी आडवी झाली. नाव ओठांवर येईना. श्वासही येईना. हसता हसता बायकांचे हात थांबले.

श्रावस्तीताईंचा हात पुढं आला आणि हवेतच थांबला. त्या पाळण्याशेजारी फरशीवर बसल्या. "महेश्वरीबाई, मी इथंच आहे. काय करायचं? वर जायचं, की यांना बाहेर जायला सांगू?"

खाली बाळानं जांभई दिली. दुधाचा वास आला.

"कुनी हात लावू नका," महेश्वरी पुटपुटली. "आदी नाव."

ती आणखी वाकली आणि त्या इवल्या कानात म्हणाली, "पौर्णिमा." मग मान वर न करताच बोलली, "आता घाला. पर येकेकीनं. म्या म्हनंन तवा."

केशरबाईनं हात उचलला, आणि उचललेलाच ठेवला. "घालू का गं?"

महेश्वरीनं डोळे मिटले. पाळण्याची कड घट्ट धरली.

"घाला," ती म्हणाली.