साडेतेवीस मिलिमीटर

मंगळवारी दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी भुंगीने पियानोवरचे दोन्ही हात उचलले, मांड्यांखाली दाबले आणि जाहीर केलं, "मला नाही येत. मी आता येणार नाही."

वय साडेसहा. शिकवणीचा सातवा आठवडा. दिवसभर काही ना काही गुणगुणत असते म्हणून घरी तिला भुंगी म्हणत. त्या दिवशी मात्र गुणगुणणं बंद होतं.

मागच्या खुर्चीवर तिचा बाप होता. धंद्याने सुतार. पियानोच्या बाई त्याच्याकडे वळल्या. "चार बोटं कशी छान चालतात हो हिची! करंगळी आली की गाडी अडते. दर वेळी दोन पट्ट्यांच्या फटीवर पडते नि दोन सूर एकदम वाजतात. घरी सरावाला बसते ना?"

"रोज अर्धा तास. मी शेजारीच असतो."

ते खरं होतं. घरात पियानो नव्हता आणि ठेवायला जागाही नव्हती. म्हणून सुताराने पहिल्याच आठवड्यात बाईंना विचारून त्यांच्या पियानोचं माप घेतलं, पट्ट्या कापल्या आणि फळीवर चिकटवून मुका पियानो तयार केला. बोटं फळीवर चालवायची, सूर तोंडाने काढायचे. भुंगीचा त्यावर इतका जीव, की जेवतानाही फळी ताटाशेजारी लागायची. शिकवणीला मात्र करंगळी चुकायची, आणि परतीच्या वाटेवर बापाचं एकच पालुपद चालायचं : "लक्ष कुठे असतं गं तुझं?"

मंगळवारी वाटेत तो काहीच बोलला नाही. पोरीने तेही मनाला लावून घेतलं.

घरी आल्यावर तिने फळी ओढली आणि डोळे मिटून पाचही बोटं ठेवली. "बघ. इथे बरोबर पडते की नाही?"

करंगळी पाचव्या पट्टीच्या अगदी मधोमध होती. सुताराने तिला पुन्हा करायला लावलं. पुन्हा मधोमध. मग त्याने खिशातला टेप काढला.

माप घेताना त्याने पट्टीची रुंदी वहीत लिहिली होती, साडेतेवीस मिलिमीटर. फळीवरची पट्टी साडेसव्वीस भरली. दुसरीही. तिसरीही.

लाकूड कापताना तो नेहमी तीन मिलिमीटर जास्त धरायचा. थोडं करवत खाते, थोडं रंधा. उरलंसुरलं शेवटी रंध्याने काढायचं असतं. पोरीला कधी एकदा फळी देतो या घाईत तो शेवटचा हात राहून गेला. एका पट्टीला तीन, म्हणजे अंगठ्यापासून करंगळीपर्यंत बारा. लेकीचा हात सात आठवडे बिनचूक शिकला होता, फक्त चुकीचं माप.

"चूक तुझी नाही," तो म्हणाला. "माझी आहे. पट्ट्या मी रुंद केल्या."

भुंगीने फळीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "मग मला का ओरडत होतास?"

त्याने टेप मिटून खिशात ठेवला.

"लक्ष कुठे होतं तुझं?"

स्वयंपाकघरातून तिची आई हसली. "बरं विचारलंस! अहो, गिऱ्हाइकाच्या कपाटाला चारदा टेप लावता. पोरीच्या वेळी काय झालं?"

"झालं ते झालं," तो पुटपुटला. कान लाल झाले होते.

बुधवारी त्याने सगळ्या पट्ट्या पटाशीने उचकटल्या, एकेक रंधून पुन्हा बसवल्या आणि प्रत्येकीला दोनदा टेप लावला. मग बाईंना फोन केला. बाई पोटभर हसल्या. मग म्हणाल्या, "पण हाताची सवय एकदम नाही सुटायची. काही दिवस आणखी चुकेल. शुक्रवारी साडेचारला जागा ठेवते. आणि हे बघा, तिला ओढून आणू नका. यायचं तर तिचं तिने."

गुरुवारी भुंगीने फळीला हात लावला नाही. शुक्रवारी शाळेतून आल्यावर लावला. करंगळी फटीवर पडली.

"ही छोटी झाली," ती म्हणाली.

"हीच बरोबर आहे गं, राणी."

"मागच्या वेळीही तू बरोबरच म्हणाला होतास."

सुताराने टेप तिच्या हातात दिला, रुंदी लिहिलेली वही समोर ठेवली आणि आकडा कुठे वाचायचा ते दाखवलं. तिने त्याला खोलीबाहेर जायला सांगितलं. तो गेला.

शुक्रवारी चार वाजून दहा मिनिटांनी दार लोटलेलं होतं. आत टेप सरकल्याचा आवाज येत होता. आठ पट्ट्या मोजून झाल्या होत्या. शिकवणीला जायचं की नाही, याबद्दल ती अजून काही बोललेली नव्हती, आणि बाहेर बापाने विचारलंही नव्हतं.